तांडेल मेला की जगला

काल आंबे उतरवताना देठाचा चीक मनगटावर उडाला आणि त्या उग्र वासासरशी विशीत फुटलेला माझा ओठ पुन्हा ठणकायला लागला.

तेव्हा मी लेखक होतो, म्हणजे तसं मला एकट्यालाच वाटायचं. हंगामात बागेतून सवड कुठली? म्हणून वांदरांपासून बाग राखायच्या पाळीत गलोल मांडीवर ठेवून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गोष्ट लिहायचो. एकदा गोष्टीत भर समुद्रात खलाशाने होडीच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या पोटात सुरा खुपसला आणि त्याच क्षणी माझ्या पाठीत लाथ बसली.

"वांदरांनी आख्खं झाड ओरबाडलनी, नि हा साहेब लिहितोय!" थोरल्या दादाने माझं तोंड कातळावर आपटलं. मीही उसळून त्याच्या जबड्यावर डोकं हाणलं. त्याचा पुढचा दात तुटला. कुत्री सोडवावीत तशी वहिनीने आमच्यावर कळशी ओतली. रक्त, चीक आणि चेचलेले हापूस यांचा एकच वास सुटला होता.

दादाने कागद फाडायला उचलला, पण ओठ हलवत वाचतच राहिला. रक्ताचे थेंब नेमके तांडेलावर पडत होते.

"मेला काय रे तांडेल?"

"अजून लिहिलं नाही."

"मग लिही की, मेल्या! वांदर मी बघतो."

तेव्हा वाटलं, पुढचा मार वाचला. आता वाटतं, लिहायला हक्काचा वेळ मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. अजूनही हंगामात मी कागद घेऊन बसलो, की दादा आलेल्या माणसांना फाटकातूनच परतवतो आणि संध्याकाळी त्या तुटक्या दातातून विचारतो, "आज कोणाला मारलंस?"