चाचांचं न सरणारं लिंब

सुताराच्या दुकानात भुसा आन किस्से एकाच चालीनं साचत्यात. सकाळी झाडून काढावं, तर संध्याकाळी परत चपलंत. तेर गावच्या सत्तारचाचांच्या दुकानातले हे थोडे माझ्या चपलंत राहिलेले.

चाचांच्या दारातलं कडुलिंब उन्हाळ्यात वाऱ्यानं आडवं झालं. आयुष्यभर त्याच सावलीत रंधा मारला होता त्यांनी. दोन दिवस नुसते उन्हात बसून राहिले. मग झाड तोडून दुकानात लाकडांचा ढीग लावला आन म्हणाले, "एवढं लिंब सरलं की दुकान बंद. सोलापूरला लेकीकडं जातो."

माझं मोबाईल रिपेअरिंग त्यांच्या भिंतीला लागून. माझा दोस्त बाळ्या, त्याचा दुधाचा टेम्पो. दोघांचं बी दुपारचं बसणं चाचांकडंच. आमी ठरवलं, लिंब सरू द्यायचं न्हाय.

* * *

मोठं काम घेतलं तर लाकूड झटक्यात जाणार. म्हणून गावात सांगून टाकलं, चाचा आता फक्त सणाची सजावट करत्यात. पणती ठेवायला फांदीच्या पातळ चकत्या. दाराला लटकवायला काटक्यांच्या चांदण्या.

तरी एक पाव्हणा पलंग मागायला आला. बाळ्या एकदम गंभीर. म्हणाला, "या लाकडावर झोपलं की कानात पाखरं बोलत्यात."

पाव्हण्यानं विचार केला. "मग दोन करा. बायकूला बी ऐकू द्या."

त्याला लई मिनतवारीनं चार चांदण्यांवर भागवला.

* * *

शेजारच्या कमलकाकूंना महालक्ष्म्यांच्या मागं कमान पाहिजे होती. चाचांनी एक वाकडी फांदी सालीसकट उभी केली. म्या म्हणलं, जरा सरळ करा की.

"झाडानं वाकवलीय," चाचा म्हणाले. "मी कोण सरळ करणार?"

जेवणाच्या दिवशी ऐन नैवेद्याला खिडकीतून लिंबावरची खार आली. झाड पडल्यापास्नं ती बेघरच होती. कमानीवर चढली आन दोघी महालक्ष्म्यांच्या मधोमध, शेपूट खाली सोडून बसली.

काकूंनी पुरणपोळीचा तुकडा फांदीवर ठेवला आन हळूच म्हणल्या, "बसू द्या. तिसरी आलीय."

* * *

ढीग तरी उतरायलाच लागला. मग चाचा दुपारच्या नमाजाला गेले की बाळ्या टेम्पोतलं एखादं लाकूड गुपचूप ढिगात सारायचा.

पहिल्यांदा बाभूळ आणली. चाचांनी उचलली, वास घेतला. "लिंबाला बाभळीचा वास?"

"वयानं होतं तसं, चाचा," बाळ्या म्हणाला.

चाचांनी मान हलवली आन करवत लावली.

पुढच्या हप्त्यात त्या शहाण्यानं निळा रंग दिलेली जुनी चौकट आणली. तिला कडी बी होती. चाचांनी कडी वाजवली. थोडं थांबले, जसं काय आतून कुणी उघडंल. मग तिच्या बी चांदण्या केल्या. निळ्या. त्याच सगळ्यात आधी गेल्या.

* * *

दिवाळीच्या तोंडावर टेम्पो गॅरेजला पडला. आठ दिवस आमच्याकडून ढिगात एक काटकी गेली न्हाय. चाचांचं कापणं मात्र सुरूच. आता सरणार, म्हणून आमी दोघं नुसते बसून राहायचो. ऊन आत यायचं, भुसा उडायचा, आन त्यात चाचा पाण्याच्या तळाशी बसल्यागत दिसायचे.

नवव्या दिवशी ते नमाजाला गेले, तवा ढिगाकडं नीट बघितलं. मागच्या हप्त्यात माझ्या कमरंला होता. आता खांद्याला लागत होता.

"तू टाकलं?" बाळ्यानं विचारलं.

"न्हाय. तू?"

वरचं लाकूड ओढलं. आंबा. त्याच्या खालचं ओढलं. चिंच.

तेवढ्यात चाचा आले. सायकल भिंतीला लावली, कॅरिअरला चिकटलेली चिंचेची साल झटकली, सुतळी सोडली, गुंडाळून खिशात घातली. फोन वाजला. लेकीचा होता.

चाचांनी ढिगाकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं न्हाय.

"कैसा आऊं, बेटा," ते म्हणाले. "लिंब अबी आधा बी नै सरा."