दुर्बीण आणि ओढ्याकाठची वाट

नगरपालिकेच्या राखीव रानात पायवाटांची देखरेख करणाऱ्या बाईंना हाताखालची माणसं पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायची. हे नाव बाईंना ठाऊक होतं. ते कोणी पाडलं याबद्दलही त्यांचा एका कामगारावर पक्का संशय होता, आणि चर उपसायचं काम निघालं की नेमकी त्याचीच पाळी यायची.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. वाटेवर कोणी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलं, तरी बाई थांबून बघत. नाडीला इतका वेळ लागतो? खाली काही पुरतोय की काय? पाखरं बघायला आलोय म्हणून सांगणाऱ्या तिघांच्या पिशव्या त्यांनी एकदा उघडायला लावल्या होत्या, आणि आतून पाखरांच्या पुस्तकाऐवजी घडीच्या करवती निघाल्या होत्या. घराचा राडारोडा रानात आणून टाकणाऱ्या एका सभ्य गृहस्थाला त्यांनी नुसत्या चालीवरून ओळखलं होतं. असं दोन-चारदा झालं, की माणसाला आपला संशय म्हणजे सहावं इंद्रिय वाटायला लागतं. बाईंचं तसंच झालं होतं.

घरी याच्या अगदी उलट कारभार. त्यांचे यजमान शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणे. मिस्त्री दुकानाला कुलूप लावायचं विसरत आणि सकाळी म्हणत, "कुठं काय गेलंय?" हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, पण चढावर नाही. अख्ख्या रानात सपाट वाट एकच, ओढ्याच्या काठाने जाणारी. म्हाताऱ्याकोताऱ्यांची, गुडघे धरलेल्यांची ती लाडकी वाट होती. मिस्त्रीही रोज सकाळी तिथूनच फिरून येत.

रानाचा कारभार बघणारे आधीचे साहेब खुर्ची सोडून कधी उठले नव्हते, त्यामुळे बाईंना ते पुरते कळलेले होते. नवे आले ते मात्र रानात फिरायला लागले. तेही एकटे. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, हातात लोखंडी टोकाची काठी. चार पावलं टाकायची, काठी जमिनीत रोवायची, वाकून बघायचं आणि पुढे जायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चौकीत येऊन विचारलं, "बाई, ओढ्याकाठच्या वाटेने रोज बरीच माणसं जातात का?"

"जातात की. का?"

"नाही, समजा ती वाटच नसली, तर फार ओरड होईल का?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. वाट नसली म्हणजे? रानातली वाट म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे, आज आहे आणि उद्या नाही?

मग ओढ्याकाठी खुंट्या दिसल्या. लाकडी, डोक्याला लाल रंग लावलेल्या, एकीपासून दुसरीपर्यंत सुतळी ताणलेली. असल्या खुंट्या बाईंनी गावाबाहेर पुष्कळ पाहिल्या होत्या. आज खुंटी, उद्या कुंपण आणि परवा तीन मजली इमारत. काही खुंट्या ओढ्याच्या बाजूला कलल्या होत्या. साहेबाला खुंटीसुद्धा धड ठोकता येत नाही, असं मनाशी म्हणून बाईंनी ते तिथंच सोडून दिलं.

त्यानंतर वाटेच्या तोंडाशी एक वाळलेलं झाड आडवं पडलं. वारा नाही, वादळ नाही. बाईंनी खाली बसून पाहिलं तर खोड ओढत आणल्याचा माग मातीत स्पष्ट उमटलेला. शेजारची पाटीही गायब होती. कोणी जाऊ नये म्हणून कोणीतरी वाट बुजवत होतं. महिना-दोन महिने माणूस फिरकलं नाही, की नगरपालिकेच्या सभेत सांगायला मोकळे: ही वाट कोणी वापरतच नाही, जागा पडून आहे.

त्या सरळ साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, ओढ्याकाठी झाड आडवं पडलंय."

"हं."

"माणसं लावून कापून घेते."

"नको. राहू दे."

"पाटीसुद्धा कोणी नेलीय."

"हो का?" साहेबांनी मान वर केली नाही. पण त्यांचे कान लाल झालेले बाईंना दिसले, आणि टेबलाखाली त्यांच्या बुटांना ओढ्याकाठची राखाडी चिकणमाती लागलेली होती. तशी माती रानात दुसरीकडे कुठेच नाही.

"कुठंतरी पाणी मुरतंय," त्या घरी आल्या आल्या म्हणाल्या.

मिस्त्री एका मशिनला तेल घालत होते. "अगं, मग विचार ना त्यांना सरळ. काय साहेब, झाड तुम्ही टाकलंत का?"

"सरळ विचारून कोणी कधी खरं सांगितलंय?"

"मी सांगतो."

"तुमचं सोडा हो. तुम्हाला लपवायला काही आहे का?"

बाईंचा एक चुलत भाऊ होता, आणि तो नगराध्यक्ष होता. दोघांचं बोलणं मात्र बंद होतं. बाईंचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो निवडणुकीच्या गडबडीत होता आणि नंतर आला तो थेट शेवटच्या दिवशी, हारासकट. तेव्हापासून बाईंनी त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पण ओढ्याकाठच्या वाटेची फीत त्यानेच कापली होती, तिथल्या दगडावर त्याचंच नाव कोरलं होतं. सगळा अभिमान गिळून बाई त्याच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांच्या रांगेत, इतर कामं घेऊन आलेल्या लोकांत जाऊन बसल्या.

"कोण, तू? आज वाट चुकलीस?" तो बाहेर येऊन म्हणाला.

"वाटेबद्दलच आलेय, दादा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. झाड, पाटी, खुंट्या.

त्याचा चेहरा रागाने लाल झाला. "माझ्या नावाची वाट बंद करतो तो? तू उद्याच्या उद्या उघड. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग." खुर्च्यांवरच्या लोकांनी माना डोलावल्या.

परत येताना बाईंना हलकं वाटायला हवं होतं, ते वाटेना. दादा इतक्या लवकर हो कसा म्हणाला? खुंट्यांचं नाव काढलं तेव्हा त्याने एकही प्रश्न का विचारला नाही? त्याला त्या आधीच ठाऊक होत्या की काय? पण एका वेळी दोघांवर संशय घ्यायला त्यांच्यात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत लावून झाड कापायला लावलं. खुंट्या मात्र स्वतःच्या हाताने उपटल्या आणि चौकीच्या कोपऱ्यात ढीग घातला.

साहेब आले, त्यांनी ढीग पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणी उपटल्या?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"अध्यक्षांच्या."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले आणि दारातून वळून बोलले, "पाऊस झाला तर त्या वाटेने कोणाला सोडू नका."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

बाईंनी कामगारांकडे पाहिलं. पाहिलंत? पकडला गेला तरी मस्ती जात नाही.

आठवडाअखेरीस अवेळी पाऊस लागला आणि दोन दिवस तो काही थांबला नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. घरात कोंडून कंटाळलेले मिस्त्री बाईंबरोबरच निघाले. वाटेच्या तोंडाशी साहेब उभे होते, दोन्ही हात पसरून, घाटात गुरं अडवावीत तसे.

"आज नाही, बाई."

"हे माझे यजमान आहेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"आज नको. माझं ऐका."

"कोणत्या नियमाने? दाखवा."

साहेबांनी पसरलेले हात नुसते आणखी ताणले. तेवढं बाईंना पुरेसं होतं. "बाजूला व्हा, साहेब," त्या म्हणाल्या आणि खांद्याने वाट काढून पुढे गेल्या. मिस्त्री ओशाळले. "माफ करा हं," असं साहेबांना म्हणून तेही बायकोच्या मागे निघाले. साहेब हाका मारत त्यांच्या मागे.

पहिल्या वळणापलीकडे बाईंना मागून ओलं कापड फाटावं तसा आवाज आला. त्या वळल्या. वाट होती तिथं नव्हती. काठाचा अख्खा तुकडा, झुडपांसकट, मिस्त्रींना घेऊन ओढ्याकडे सरकत होता, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग ते छातीपर्यंत चिखलात गेले.

साहेब पोटावर आडवे पडले होते, काठी पुढे करून ओरडत होते, "काका, धरा! बाई, माझे पाय धरा, पाय!" बाई उरलेल्या कडेवरून सरपटत त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि त्यांनी साहेबांच्या घोट्यांना मिठी मारली. चौकीवरची माणसं दोर घेऊन धावत येईपर्यंत तिघं तसेच होते. ओढा खालून माती चाटत होता आणि मिस्त्री मधूनच म्हणत होते, "साहेब, तुमचा हात दुखत असेल."

मिस्त्रींच्या मांडीचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चिखल वाळून पांढऱ्या झालेल्या कपड्यांनिशी, बाई आणि साहेब एका बाकावर बसले.

"त्या खुंट्या कसल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"काठ किती सरकतोय ते मोजायला. आतून पाणी मुरत होतं, बाई. मी वाट बंद करायची परवानगी दोनदा मागितली. अध्यक्ष म्हणाले, माझ्या नावाची वाट आहे, घबराट पसरवू नका. माझ्या आधी नगरपालिकेचा जो इंजिनिअर हे बोलला, त्याची बदली झाली होती. म्हणून मग झाड आणून टाकलं. पाटी काढली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अध्यक्षांच्या बहीण. मला वाटलं, तुम्ही त्यांचा कान आहात."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. "अहो, आमचं बोलणंसुद्धा नव्हतं. कितीतरी वर्षं. तुमच्यामुळे मी त्याच्या दारात गेले."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते रडत होते की हसत होते, हे बाईंना कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याही क्षणी त्यांच्या मनात एक किडा वळवळून गेलाच: हा आज इतक्या सकाळी तिथं कसा हजर? मग त्यांना आठवलं, पाऊस झाला तर सोडू नका, असं त्यानेच सांगितलं होतं. स्वतःच्या मनाची त्यांना पहिल्यांदा शिसारी आली.

सभा भरली तेव्हा अध्यक्षांनी सगळं साहेबांवर ढकललं. धोक्याची सूचना नाही, पाटी नाही, अधिकारी बेफिकीर, त्याला निलंबित करा. बाईंना जबाबासाठी बोलावलं होतं. त्या उभ्या राहिल्या तेव्हा भाऊ त्यांच्याकडे बघून किंचित हसला, घरच्या माणसाकडे बघावं तसं.

"झाड मी कापलं," बाई म्हणाल्या. "खुंट्या मी उपटल्या. साहेब वाट अडवून उभे होते, त्यांना मी बाजूला सारलं. आणि दादा, उघड म्हणून तू सांगितलंस."

"मी असं काही बोललोच नाही."

"तुझ्या बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. त्यांच्यातले दोघं इथं मागे बसलेत. त्यांनाच विचारा."

मागच्या बाकावरचे दोघं आपापल्या चपलांकडे बघायला लागले. कोणी विचारलं नाही आणि ते बोललेही नाहीत. पण सगळ्या सभेने त्यांना तसं बघताना पाहिलं, आणि निलंबनाचा विषय तिथंच विरून गेला. साहेबांना समज देऊन सोडलं. वाट कायमची बंद झाली. बाईंना मात्र पायवाटांवरून काढून रोपवाटिकेत टाकलं, निवृत्तीपर्यंत. भाऊ पुन्हा बोलायचा बंद झाला, आणि यावेळी रुसवा त्याच्याकडून होता.

मिस्त्री काठी घेऊन चालायला लागले, पण गल्लीच्या टोकापर्यंतच. रानाचं नाव ते काढत नसत. बाईंना त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच बाईंना जड जाई. "मनात काही असेल तर बोला ना," त्या म्हणत. "काही नाही गं," ते म्हणत. आणि खरंच काही नसे. हे मानायला बाईंना फार दिवस लागले.

थंडी सरताना साहेब रोपवाटिकेत आले. ढासळलेल्या उताराला झाडं हवी होती, खोल मुळं धरणारी. बाईंनी रोपं काढून दिली. गाडीत ती ठेवता ठेवता साहेब आपणहून सांगू लागले, कुठली कुठे लावणार, वरून काढलेली नवी वाट कुठून जाते, चढ किती. बाईंनी विचारलं नव्हतं. ते सांगत राहिले, आणि त्या ऐकत राहिल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाई एकट्याच नव्या वाटेने वर चढून गेल्या. धाप लागली. उतारावर रोपं लागली होती, साहेब म्हणाले होते अगदी तिथंच. चार-दोन जरा उथळ लावलेली दिसली. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि त्यांच्या बुंध्याशी हाताने माती दाबायला लागल्या.