तिसऱ्या पाकळीवरचा ठिपका

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते उत्तरेकडच्या खिडकीवरून.

ती कामाला जाई त्या खोलीत दोनशे वर्षांपूर्वीच्या फुलांच्या चित्रांच्या हाताने नकला होत. जुनं पुस्तक उतरत्या फळीवर उघडं ठेवायचं, रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पानावर काच टाकायची आणि समोरच्या कागदावर ते जसंच्या तसं उतरवायचं. जसंच्या तसं म्हणजे अगदी तसं. जुन्या चित्रकाराने पानाला किडीचं भोक काढलं असेल तर भोक, त्याच्या हातून देठ वाकडा आला असेल तर वाकडा देठ. खरं फूल कसं असतं ते आपल्याला कोणी विचारलेलं नाही. मालक प्रत्येक नक्कल भिंगाखाली धरून मूळ चित्राशी ताडून बघत, म्हणून त्यांच्या माघारी सगळ्या बायका त्यांना भिंगकाका म्हणत.

खिडकीशी एकच टेबल मावे. तिथे दिवसभर सारखा उजेड, सावल्यांची पळापळ नाही. त्या टेबलावर बसेल तिने अख्खं फूल एकटीने रंगवायचं. बाकीच्यांनी कुणी पानं, कुणी देठ. थोरली वर्षानुवर्षं पानंच रंगवत होती आणि टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांकडे नजर लावून बसली होती. बाईंचे डोळे एकदाचे थकले. आता थोरलीच, असं सगळ्यांनीच धरलं होतं. भिंगकाकांनी मात्र दोघींना एकेक फूल दिलं. थोरलीला खसखशीचं, धाकटीला ठिपक्यांच्या लिलीचं. म्हणाले, "बघू कुणाचं कसं होतं ते."

धाकटी म्हणजे तिची जाऊ. बरं, तिला इथे आणली कुणी? हिनेच. "घरी बसून काय करतेस, चल," म्हणत हाताला धरून आणली, कुंचल्याला टोक कसं काढायचं ते शिकवलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा! धाकटी ओल्या कागदावर गुलाबी सोडे आणि तो पाकळीच्या कडेपर्यंत जाऊन आपणहून थांबे. थोरलीच्या गुलाबीला थांबवावं लागे. हे दुसऱ्या कुणाला दिसत नसेल, पण तिला दिसे, आणि जीव नुसता जळे. घरी धाकटीने भाकरी टाकली तरी ती गोल झाल्याचा हिला राग यायचा. वर ती बया प्रत्येक चित्र आधी हिच्यापुढे धरणार: "ताई, बघा ना, काही राहिलं नाही ना?" राहिलेलं काही नसेच. तेच तर दुखणं होतं.

दुपारी सगळ्या जेवायला उठल्या तेव्हा थोरली मागे रेंगाळली. लिलीच्या पाकळ्या रंगवून वाळत होत्या, ठिपके द्यायचे बाकी होते. तिने कुंचल्यावर तांबूस तपकिरी घेतला आणि धाकटीच्या पुस्तकावरच्या काचेवर, तिसऱ्या पाकळीवरच्या ठिपक्यांच्या गर्दीत, आपला एक ठिपका ठेवून दिला. दाराकडे बघत ठेवला म्हणून जरा पसरटच बसला. मग हात धुऊन सगळ्यांबरोबर जेवली, दोन घास जास्तच जेवली.

संध्याकाळी धाकटीने चित्र नेहमीसारखं पुढे केलं. ठिपका तिसऱ्या पाकळीवर नीट उतरला होता. थोरली म्हणाली, "छान झालंय. दे नेऊन." आणि धाकटी पाठमोरी होताच तिने ओल्या रुमालाने काच पुसून टाकली.

भिंगकाका चित्र घेऊन धाकटीच्या फळीशी आले आणि ताडताना त्यांचं भिंग तिसऱ्या पाकळीवर येऊन अडलं.

"हा कुठून आला?"

"मूळ चित्रात आहे, काका."

त्यांनी पुस्तक तिच्याकडे फिरवलं. धाकटीने दोनदा बघितलं. तिचा चेहरा पडला.

"होता म्हणूनच काढला मी. ताईंना विचारा. त्यांनी बघितल्याशिवाय मी काही देत नाही. चुकलं असतं तर त्या बोलल्या नसत्या का?"

भिंगकाका थोरलीकडे वळले. "तुम्ही बघितलं होतंत?"

खोलीत सगळ्यांचे कुंचले थांबले. थोरलीला समोर खिडकी दिसत होती.

"या वेळी नाही जमलं," ती म्हणाली. "माझंच फूल चाललं होतं ना."

धाकटीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग आपलं चित्र उचलून ती जागेवर गेली. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटून गेलं.

टेबल थोरलीला मिळालं. चुकलेली नक्कल विकायची नाही असा तिथला नियम होता. कोपरा कापून ती करणारीलाच देऊन टाकत. धाकटीने लिली घरी नेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, सगळे जेवायला बसतात तिथे, लावली. हिला डिवचायला लावली की सहज, ते तिचं तिला ठाऊक. आधी ती घरभर 'ताई, ताई' करायची, आता कामापुरतं बोलायची. चित्रं दाखवणं तर बंदच झालं होतं.

एकदा जेवताना थोरलीच्या नवऱ्याचा हात घास घेऊन मध्येच थांबला. फुलझाडांशी काडीचा संबंध नसलेला माणूस, पण लिलीकडे बघत राहिला.

"काय फूल काढलंय गं हिने! आणि तो ठिपका बघ, तो जरा मोठा आहे तो. त्या एकट्या ठिपक्याने पाकळी कशी वळल्यासारखी दिसते."

"जेवा आता," थोरली म्हणाली.

तो उठून गेल्यावर ती भिंतीशी गेली. काचेवरचा तिचा ठिपका भीतीने पसरला होता. इथे तोच पसरटपणा पाकळीच्या वळणावर घसरत गेला होता, जणू फुलानेच तो तिथे धरला होता. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचं उतरवलं होतं. स्वतःच्या मनाने काढलेला तेवढा एकच ठिपका. आणि त्याचीही नक्कल मुळापेक्षा सरस निघाली होती.