कुंपणाबाहेरचा आकडा

आमचे साहेब कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तिला ओळीत उभं करत. दिल्लीहून प्रशिक्षण घेऊन आले आणि सदर भागातल्या आमच्या पाणी-पाहणी कचेरीचे ग्रह फिरले. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, चार सारखे भाग पाडायचे, मधल्या दोन भागांची रुंदी काढायची आणि तिच्या दीडपट अंतरावर दोन्हीकडे कुंपण घालायचं. कुंपणाबाहेर सापडला तो आकडा लबाड. आम्ही त्यांना कुंपणसाहेब म्हणायचो, अर्थात ते जेवायला गेल्यावर.

एकदा त्यांनी हजेरीच्या वेळा चाळल्या. आम्ही सगळे अकरा ते सव्वाअकराला उगवणारे. कचेरीच्या वेळेवर, साडेदहाला येणाऱ्या मेश्रामबाई तेवढ्या कुंपणाबाहेर. लेखी खुलासा मागितला तो त्यांच्याकडे.

या बाई गावोगाव विहिरींची पातळी मोजत. त्या उन्हाळ्यात मधल्या निम्म्या विहिरींचं पाणी सहा ते दहा मीटरवर होतं, म्हणून वरचं कुंपण पडलं सोळावर. काटोलकडच्या एका वस्तीचा आकडा आला एकोणीस. याच तक्त्यावरून बोअरवेल मिळणाऱ्या गावांची यादी निघणार होती.

"घरी बसून लिहिला असंन. खोड गा," साहेब मला म्हणाले. मी त्यांच्या लाल पेन्सिलने खोडला.

"माह्यावर नका भरोसा ठेवू साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "दोर टाकून पाहून घ्या."

साहेब त्या वस्तीवर गेले, पण यादी वरच्या कचेरीत गेल्यानंतर, आणि तेही बाईंची लबाडी पकडायला. मी जीपमध्ये होतो. त्यांनी स्वतः दोर सोडला. एकोणीस मीटरवरही तो कोरडाच होता. पाणी आणखी खाली गेलं होतं. काठावर बायका पाण्याचे रिकामे गुंड-हंडे घेऊन उभ्या होत्या. एकीने विचारलं, "आमच्या गावाले बोअर भेटन ना?" साहेब दोर गुंडाळत राहिले.

बोअर मिळाली ती आठ मीटरवर पाणी असलेल्या एका गावाला. साहेब निवृत्तीपर्यंत वरच्या कचेरीला पत्रं लिहीत राहिले. उत्तर एकच, असा आकडा तक्त्यात नाही. बाईंची माफी त्यांनी मागितली, पण सकाळी साडेदहाला, म्हणजे ऐकायला दुसरं कोणी नसताना.

निरोपाच्या दिवशी ती लाल पेन्सिल त्यांनी माझ्या हातात ठेवली. "कुंपण बरोबरच असते गा," ते म्हणाले. "पण बाहेर कोण उभं हाय, ते जाऊन पाहा लागते."

साहेबांवर मी आजही हसतो. मग आठवतं, बाई दोर टाका म्हणत होत्या तेव्हा पेन्सिल माझ्या हातात होती, आणि माझ्या खिशात खोडरबरही होतं.