सामाईक कप्पा

ऑफिसात तिला सगळे ‘मुकादम’ म्हणत, तोंडावरसुद्धा. बाप कारखान्यात फिटर होता. कामात अळंटळं दिसली की तिच्याही कपाळाला बापासारख्याच आठ्या पडत.

चौघं मिळून एका रुग्णालयासाठी मोबाइल अ‍ॅप करत होते. परिचारिकेने रुग्णाचं पान उघडायचं, औषधाची मात्रा बघायची आणि द्यायची. अशा अ‍ॅपमध्ये एक सामाईक कप्पा असतो. अ‍ॅप चालू असेपर्यंत तो राहतो आणि कुठल्याही पानाला त्यात हात घालता येतो. भाषा, लॉगिन अशा सगळ्यांच्या गोष्टीच त्यात ठेवायच्या, एवढा साधा नियम.

अ‍ॅप दुसऱ्या दिवशी वॉर्डात जायचं होतं. दुपारी तिने शेवटचं तपासायला घेतलं. एका रुग्णाचं पान उघडलं. मध्येच दुसऱ्या रुग्णाची सूचना आली, ती उघडून बघितली आणि पहिल्याच्या पानावर मागे फिरली. वर नाव पहिल्याचं, खाली मात्रा दुसऱ्याची.

तिने कोड उघडून पाहिलं. ‘चालू रुग्ण’ सामाईक कप्प्यात टाकून ठेवला होता.

“अगं, प्रत्येक पानाने पुढच्याच्या हातात रुग्ण द्यायचा म्हणजे किती उरस्फोड!” टीमचा प्रमुख खुर्चीत रेलून म्हणाला. “कप्प्यात टाकला, दोन ओळींत काम. पुढच्या आवृत्तीत बघू, मुकादम.”

“आणि तोवर इंजेक्शन कोणाला टोचायचं? तुला?”

“असं होतं तरी कितीदा?”

“मला पहिल्याच खेपेला झालं.”

बाकीचे दोघे स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले.

तिने वाद वाढवला नाही. कप्प्यातली ती एक ओळ पुसली आणि बदल सगळ्यांच्या कोडमध्ये चढवला. पुढच्याच मिनिटाला चारही स्क्रीनवर, त्या ओळीवर विसंबलेल्या प्रत्येक जागी, चुकीच्या लाल रेघा उमटल्या. एकतीस.

“काय केलंस हे? आता अ‍ॅप तयारच होणार नाही!”

“नकोच होऊ दे. कोणी कुठे हात घातलाय ते तरी दिसलं. ज्याची रेघ त्याने निस्तरायची.”

एकतीसमधल्या चार तिच्याच निघाल्या. गेल्या वर्षी घाईत उरकलेल्या. प्रमुखापेक्षा तिला स्वतःचीच जास्त शिसारी आली. खुर्ची पुढे ओढून तिने आधी त्या चार हातात घेतल्या.

मागे प्रमुख रुग्णालयाला फोनवर सांगत होता, “उद्या नाही जमणार. इथलं इंटरनेट बंद पडलंय.”