अर्जाच्या पाठीवरचे डोळे

त्या दिवसांत मी बाप्पावर रुसले होते, हे आधीच कबूल करते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी कंपनीत आपल्या अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते. पुढे एम.एस्सी.साठी मी रोह्याजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीने पेणला कॉलेजात जाऊ लागले. दुसऱ्या सत्रात काय बिघडलं ते मलाही कळलं नाही. प्रयोगशाळेच्या दारात गेलं की छाती धडधडायची आणि हाताला दरदरून घाम फुटायचा. पुस्तकातली एकच ओळ दहादा वाचूनही डोक्यात शिरायची नाही. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणत होते, संकष्टीही चुकवली नव्हती. फरक पडला नाही. शेवटी मी वर्गात जाणंच सोडलं. डबा घेऊन घरातून निघायचे आणि दिवसभर पेणच्या एसटी स्टँडवर बसून राहायचे. संध्याकाळी आई विचारायची, "काय शिकवलं गो आज?" मी काहीतरी ठोकून द्यायचे.

कॉलेजात जिन्याखाली 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' अशी पाटी असलेली एक खोली होती. तिथल्या मॅडम फक्त गुरुवारी यायच्या. त्या दारावरून जाताना मी चालण्याचा वेग वाढवायचे. तिथे शिरताना गावातल्या कुणी पाहिलं, तर 'पोरगी शिकून वेडी झाली' हे माझ्याआधी रोह्याला पोचलं असतं.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली, तेव्हा मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला. एप्रिलमधल्या एका सकाळी तो द्यायला निघाले. ऊन इतकं होतं की वाटेतल्या एका गणपतीच्या कारखान्याच्या पत्र्याखाली जरा टेकले. आत ओळीने बाप्पा मांडलेले. रंग झालेला, पण डोळे अजून कुणालाच नव्हते. त्यांच्यापुढे पाटावर एक बाई हातात बारीक ब्रश धरून बसली होती. मला पाहताच ती म्हणाली, "आलीस बाय! दारातच उभी ऱ्हा, हलू नको. हा बाप्पा तुज्याकडं बघतो का सांग."

मी म्हटलं, "नाही, पत्र्याकडे बघतोय."

ती खळखळून हसली. "पत्रा गळतो ना, म्हणून बघत असंल!" ओल्या बोळ्याने तिने तो डोळा पुसला आणि पुन्हा आखला.

तिचं नाव मंदाताई. डोळ्यांची आखणी करणारी ती तिथली सगळ्यात जुनी कारागीर. तिच्या पद्धतीप्रमाणे आखणी एकट्याने होत नाही. एक जण डोळे काढतो आणि दुसरा दारात उभा राहून नजर पाहतो. तिची नजर पाहणारी जाऊ त्या दिवशी कोलाडला हळदीला गेली होती. तास-दीड तास मी दारातून सांगत राहिले. जरा खाली. जरा डावीकडे. एक बाप्पा तर सरळ स्वतःच्या हातातल्या मोदकाकडेच बघत होता, तेव्हा मीही हसले. कित्येक आठवड्यांनी हसले, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग ब्रशचं टोक नीट झालं का पाहायला तिने कागद मागितला. मी पिशवीत हात घालून हाताला लागला तो दिला. तिने त्यावर झरझर दोन डोळे काढले आणि कागद परत केला. तो माझा अर्ज होता. काळा रंग पाठीवरून पुढे फुटला होता, आणि 'प्रवेश रद्द' या अक्षरांवरून बाप्पा माझ्याकडे बघत होता.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मंदाताई घाबरली. "काय गो, महत्त्वाचा व्हता का कागद?" मग मी सगळं सांगितलं. छातीची धडधड, स्टँड, आईशी बोललेलं खोटं, सगळं. तिने उपदेश केला नाही. ब्रश धुता धुता एवढंच म्हणाली, "तीस वर्सं डोळं काढते मी. तरी जवळनं मला पापणीच दिसते, नजर दिसत नाय. त्याला दारातलं माणूस लागतं. तुज्या कालेजात हाय का कोण असं?"

"आहेत एक मॅडम," मी म्हणाले. "पण त्या फक्त गुरुवारी येतात."

"मंग आज काय बुधवार हाय? पळ!"

गुरुवारच होता.

त्या खोलीत मॅडमनी आधी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "घाई नाही." हा त्रास अनेकांना होतो आणि तो बरा होतो, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं, प्रयोगशाळेच्या सरांशीही बोलल्या. सुरुवातीला मैत्रिणीला सोबत घेऊन मी प्रयोगशाळेत जाऊ लागले. घरी सांगायला मात्र पंधरा दिवस लागले. बाबा म्हणाले, "बॉयलरवर पयल्यांदा लागलो तवा माजे पण हात कापायचे. मी कुणाला बोललो नाय. तू बोललीस, बरं केलंस." आई रागावली, पण खोट्यासाठी नाही. "इतके दिवस डबा स्टँडवर गार करून खाल्लास?" म्हणून.

एक विषय राहिला, तो पुढच्या सत्रात सुटला. छाती अजूनही कधीमधी धडधडते, पण आता मी तिला ओळखते.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मी समजत होते. हात जोडून मी बाप्पाला सारखी म्हणत होते, माझ्याकडे बघ. त्याने बघायला माणसं पाठवली, आणि मी त्यांच्या दारावरून पळत होते. तो चमत्कार होता की मंदाताईची जाऊ नेमकी हळदीला गेल्याचा योगायोग, हे मी ठरवत बसत नाही. दर संकष्टीला मंदाताईकडे मोदक घेऊन जाते, आणि ती मला आधी दारातच उभी करते.

तो अर्ज आमच्या देव्हाऱ्यात आहे. आई रोज त्याला फूल वाहते, आणि पुढची बाजू भिंतीकडे करून ठेवते.