गाडीच्या नाकावरची पाटी

मुलाने नवी गाडी घेतली ती सुनेसाठी. ती कडा गावच्या दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी संपली की अंधारात एकटी परत येते. कारखाना सुरू असला की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागे दिवा नाही. ही गाडी समोर काही आलं की आधी ओरडते, तरी पाय हलला नाही तर स्वतः ब्रेक मारते.

अशा गाडीच्या नाकावर मुलाने आमच्या आडनावाची ताटाएवढी पितळी पाटी चिकटवली. जाळीच्या मधोमध काळी गुळगुळीत जागा होती. कंपनीने ती नावासाठीच मोकळी सोडली, असं त्याचं मत. लगेच पिवळा दिवा लागला. पडद्यावर आलं, पुढचा सेन्सर बंद आहे.

मग या शहाण्याने गाडी धुतली. बॅटरीची तार काढून परत लावली. नारळ फोडला. पाटी तेवढी चिंचेने घासून चकचकीत केली. शेवटी शोरूमला फोन लावला. तिकडच्या बाईने विचारलं, “पुढे काही बसवलंय का?”

“काहीच न्हाई.”

“आन् पाटी?” मी म्हणाले.

त्याने फोनवर हात ठेवला. “आई, त्या बाई सामानाचं इचारायल्यात. हे आपलं नाव हाय.”

सुनेने फोन ओढून घेतला आणि पाटीचं सांगितलं. बाई म्हणाली, समोरचं बघणारं रडार त्या काळ्या जागेमागेच असतं, पाटी काढा.

हा ऐकेना. “दिव्याकडं बघू नको. गाडी चालतीया ना?”

“मग तुमीच चालवा,” सून म्हणाली. “ट्रॉलीला आपलं आडनाव वाचता येत न्हाई.” आणि एसटीने कामावर गेली.

मी गरम पाण्याचं फडकं पाटीवर धरलं आणि उलथन्याने ती उचकटली. मुलगा बघत उभा होता. गाव काय म्हणेल याची त्याला काळजी. बायको परत कशी येणार, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

“आता तिला घेऊन ये,” मी म्हणाले.

गाडी सुरू केली तरी दिवा तसाच. “बघ, पाटीचा काय संबंध?” असं म्हणून तो छाती काढून निघाला. परत आले तेव्हा गाडी सून चालवत होती. दिवा जाताना वाटेतच विझला होता. हा शेजारच्या सीटवर.

पुढे त्याने पाटी मागच्या दाराला चिकटवायला घेतली. मागून येणाऱ्याला कळावं म्हणे, पुढं कोण चाललंय. मी आधी सुनेला विचारलं, तिथे काही यंत्र आहे का. ती नाही म्हणाली. मग लाव म्हटलं.